पट्टा वाजतो, तरी कुत्रा बाहेर: अदृश्य कुंपणाचं कुठे बिनसतं आणि कोणतं निवडावं

तक्रार बहुतेक घरांतून सारखीच येते. बंगल्याभोवती अदृश्य कुंपणाची वायर पुरली, कुत्र्याच्या गळ्यात वायरजवळ जाताच बीप आणि झटका देणारा पट्टा घातला, काही दिवस तो आत राहिला आणि मग एकदा जो बाहेर पडला तो आता रोज पडतो. यावर विकणाऱ्याचं ठरलेलं उत्तर असतं, "झटक्याची पातळी वाढवा." पातळी वाढवली की थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

पातळी वाढवू नका. बिघाड बहुधा तिथे नसतोच. हे यंत्र कुत्र्याला अडवत नाही, कारण जमिनीतल्या त्या वायरीत अडवण्यासारखं काहीच नसतं. थांबतो तो कुत्रा, आणि बीप म्हणजे काय हे त्याला नीट शिकवलेलं असेल व बाहेरची ओढ त्या शिकवणीपेक्षा मोठी नसेल तरच थांबतो. त्यामुळे खोक्यावर किती मीटर रेंज छापली आहे यावरून निवड केली की फसगत होते. तुमचा कुत्रा बाहेर कशासाठी जातो आणि तुमची जागा कशी आहे, हे दोन प्रश्न आधी सोडवायचे.

यंत्र काय करतं

घरात एक ट्रान्समीटर असतो. त्यातून निघालेली वायर जागेभोवती फिरून परत ट्रान्समीटरला येऊन मिळते. तिच्यातून कमी फ्रिक्वेन्सीचा हलका रेडिओ सिग्नल जातो. पट्ट्यातला रिसीव्हर वायरच्या जवळ गेला की आधी बीप किंवा थरथर होते आणि कुत्रा तसाच पुढे गेला तर पट्ट्याच्या धातूच्या दोन टोकांमधून मानेला झटका बसतो. झटका पट्ट्यातल्या बॅटरीचा असतो, वायरचा नसतो.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे शेतात रानडुकरांसाठी लावतात ते झटका मशीन सगळ्यांना ठाऊक आहे आणि दोन्हींची गल्लत होते. झटका मशीनच्या उघड्या तारेत काही हजार व्होल्टचे ठोके असतात. ते मशीन कुत्र्याच्या कुंपणाच्या वायरला कधीही जोडू नका, आणि घरातली लाइन तर नाहीच नाही. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडल्याने माणसं मेलेली आहेत.

वायरशिवाय चालणारे दोन प्रकार आहेत. एकात घरात ठेवलेलं यंत्र स्वतःभोवती गोलाकार क्षेत्र तयार करतं. दुसऱ्यात पट्ट्यातच जीपीएस असतं आणि हद्द मोबाइलवर आखून द्यायची असते.

ही कल्पना अमेरिकेतली. रिचर्ड पेक यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती आणली. तिथल्या उपनगरांत घरांसमोर उघडी हिरवळ असते, अनेक वसाहतींच्या नियमांत कुंपण घालायला परवानगी नसते आणि रस्त्यावर भटकी कुत्री जवळजवळ नसतात. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे यंत्र सोयीचं वाटतं ते यामुळेच. आपल्याकडे मात्र कुत्रा बाहेर जाणं हा निम्मा प्रश्न, उरलेला निम्मा म्हणजे बाहेरचं काय आत येतं. त्याकडे पुढे येऊच.

आधी ठरवा: यंत्र बिघडलंय की कुत्रा ऐकत नाहीये

कुत्र्याच्या गळ्यातून पट्टा काढून हातात घ्या. त्याची मान जमिनीपासून जितक्या उंचीवर येते तितक्याच उंचीवर धरा, धातूच्या टोकांना यंत्राबरोबर आलेला टेस्टर लावा आणि वायरच्या दिशेने सावकाश चालत जा. पट्टा कुठे वाजतो तिथे खूण करा. पूर्ण हद्दीवर, दर काही पावलांवर हे करा. कंटाळवाणं काम आहे, पण याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

पट्टा कुठेच वाजला नाही तर पट्ट्याची बॅटरी बघा, मग ट्रान्समीटर. मुख्य वायरची दोन्ही टोकं सोडवून त्यांच्या जागी दोन-तीन मीटरचा वायरचा तुकडा जोडा. वायर तुटल्याचा ट्रान्समीटरचा इशारा बंद झाला आणि पट्टा त्या तुकड्याजवळ वाजला, तर यंत्र ठीक आहे आणि जमिनीतली वायर तुटली आहे.

तुटलेली जागा शोधायला सगळी जमीन खणायची गरज नाही. साधा मल्टिमीटर, म्हणजे वायरचा रोध मोजणारं छोटं उपकरण, पुरतो. वायर ट्रान्समीटरपासून सोडवा, साधारण मध्यावरचा जोड उघडा आणि तिथून घरापर्यंत एक सुटी वायर टाकून दोन्ही अर्धुकं वेगवेगळी तपासा. ज्या अर्ध्यात मीटर काहीच दाखवत नाही त्याचे पुन्हा दोन भाग करा. असं करत गेलं की शेवटी काही मीटरच खणावे लागतात. वायर तुटलेली नसून जोड गंजला असेल तर मीटर खूप जास्त रोध दाखवतो. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला किलोमीटरमागे साधारण १८ ओहम रोध असतो, म्हणजे २०० मीटरच्या वेढ्याला चारच्या आसपास यायला हवेत. पन्नास-साठ आले तर जोड खराब आहे.

वायर पुन्हा पुन्हा का तुटते याची आपल्याकडची कारणं पुस्तिकांत सहसा नसतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. त्या ओढाताणीत ताणून पुरलेली वायर जोडापाशी सुटते. घुशी आणि उंदीर वायर कुरतडतात. माळ्याची कुदळ तर ठरलेलीच. म्हणून अशा जमिनीत वायर सैल सोडून पीव्हीसी पाइपातून न्यावी आणि जोड मातीत न गाडता जमिनीच्या वर छोट्या पाणबंद डबीत ठेवावेत. गेटसमोरच्या काँक्रीटमध्ये कटरने खाच पाडून वायर बसवावी आणि वरून सीलंट भरावं. नुसती वरून टाकलेली वायर गाडीच्या चाकाखाली फार टिकत नाही.

वळवाच्या पावसात विजा होतात तेव्हा जमिनीतल्या एवढ्या लांब वायरमधून विजेचा लोंढा ट्रान्समीटरपर्यंत येतो. तो अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा, त्याचं अर्थिंग खरोखर चालू आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या आणि कडकडाट सुरू झाला की ट्रान्समीटरचा प्लग आणि वायर दोन्ही काढून कुत्र्याला घरात घ्या. लाइट जाणाऱ्या गावात ट्रान्समीटर इन्व्हर्टरवर असायलाच हवा. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेलं यंत्र असेल तर अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते आधी वाचा. फक्त १२० लिहिलेला अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टला जळतो.

पट्टा काही ठिकाणी वाजतो, काही ठिकाणी नाही, असं असेल तर त्या भागात विजेची किंवा केबलची तार हद्दीच्या वायरला समांतर जात असणार. शक्य तर तिच्यापासून तीनेक मीटर दूर सरका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. हद्दीच्या वायरच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन ओळी एकमेकींच्या फार जवळ आल्या तरी सिग्नल कटतो. त्यांच्यात दीड मीटर तरी अंतर ठेवा.

आणि एक बिघाड असा आहे की तो दिसला तर त्याच क्षणी पट्टा काढायचा: पट्टा घराच्या आत वाजणं. भिंतीपलीकडून वायर जाते किंवा ट्रान्समीटरपासून हद्दीपर्यंतची वायर पिळलेली नसते, म्हणून हे होतं. दोन वायरी एकमेकींभोवती फूटभर लांबीत दहा-बारा पीळ बसतील अशा पिळल्या की त्यांचा सिग्नल एकमेकांना मारतो आणि तेवढा भाग मुका होतो. कुत्रा आपल्या अंथरुणावर पडलेला असताना त्याला झटका बसत असेल तर तो घराला भिऊ लागतो. अशा घरातून कुत्रा पळाला तर दोष त्याचा नाही.

यंत्र ठीक आहे, तरी जातो

सगळ्यात आधी पट्ट्याची घट्टाई बघा. कुत्रा उभा असताना धातूचं टोक आणि कातडी यांच्यामध्ये एक बोट कसंबसं जायला हवं. सैल पट्टा कधी लागतो कधी लागत नाही, आणि कधीमधी चुकवता येतं हे कुत्रा लवकर शिकतो. हस्की किंवा जर्मन शेफर्डसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला लांब टोकं बसवावी लागतात. ती वेगळी मिळतात.

दुसरं कारण वेगाचं. कारवान, पश्मी, मुधोळ यांसारखी शिकारी कुत्री सशामागे किंवा मांजरामागे ताशी ४० किलोमीटरने सहज धावतात. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. तुमचा बीप वायरच्या २ मीटर आधी सुरू होत असेल तर ते अंतर कुत्र्यासाठी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकंच आहे. बीप ऐकून, समजून, वळायला त्याला वेळच नाही. झटका बसतो तोवर तो पलीकडे पोहोचलेला असतो. अशा कुत्र्यासाठी बीप वायरच्या ४-५ मीटर आधी सुरू व्हावा लागतो. तेवढी जागा नसेल तर हे यंत्र त्याच्यासाठी नाही, हे मान्य करून जाळीचं कुंपण घालणं चांगलं.

पलीकडे पोहोचलेला कुत्रा परत का येत नाही, हा लोकांना सतावणारा प्रश्न आहे. उत्तर सरळ आहे. जाताना शिकारीच्या नादात त्याने झटका सोसला. येताना तो नाद उतरलेला असतो, आणि हद्दीपाशी पट्टा पुन्हा वाजतो. घरी यायची शिक्षा मिळते, म्हणून तो रस्त्यावर उभा राहतो. कुत्रा बाहेर गेल्याचं कळताच ट्रान्समीटर बंद करा आणि मगच त्याला हाक मारा. घरातल्या प्रत्येकाला, कामवाल्या मावशींना आणि वॉचमनलाही ते बटण कुठे आहे हे दाखवून ठेवा. नवीन यंत्र घेताना, आत येताना झटका बसतो का, हा प्रश्न पहिल्यांदा विचारा. जीपीएसच्या बऱ्याच पट्ट्यांत तो बसत नाही.

मग येतं कुत्रा बाहेर जातो ते मूळ कारण. न खच्ची केलेला नर माजावर आलेल्या मादीच्या वासाने जातो. मादी साधारण वर्षातून दोनदा, दोन-तीन आठवडे माजावर असते, त्यामुळे "मधले महिने ठीक असतो, मग एकदम बिघडतो" अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न नसबंदीचा असतो. दिवाळीत फटाक्यांनी भेदरलेला कुत्रा जिवाच्या आकांताने पळतो. त्याला झटका दिला तर भीतीत भरच पडते. त्या दिवसांत त्याची जागा घरातल्या आतल्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, कुणाच्या तरी सोबतीला. दिवसभर एकटा राहणारा, फिरायला न नेलेला तरुण कुत्रा कंटाळून जातो. सकाळ-संध्याकाळ त्याला नीट फिरवलं की अर्धी ओढ कमी होते. यातलं एकही कारण पट्ट्याची पातळी वाढवून जात नाही.

शिकवणी: इथेच बहुतेकांचं चुकतं

वायर पुरायला लोक एक दिवस देतात आणि शिकवायला एक संध्याकाळ. हिशेब उलटा हवा. हद्दीवर दर तीन मीटरला छोटे झेंडे लावा, म्हणजे कुत्र्याला डोळ्यांनी दिसेल अशी खूण मिळते. झटका पूर्ण बंद ठेवून फक्त बीप चालू ठेवा. कुत्रा दोरीवर, आणि दोरी वेगळ्या साध्या पट्ट्याला किंवा हार्नेसला. झटक्याच्या पट्ट्याला दोरी बांधली की धातूची टोकं मानेत रुततात. झेंड्याजवळ बीप वाजताच "चल" म्हणत त्याला घराच्या बाजूला वळवा आणि वळल्याबरोबर चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, किमान दोन आठवडे. बीप ऐकताच तो आपणहून घराकडे वळू लागला की मगच पलीकडे चेंडू टाकणं, ओळखीच्या माणसाला उभं करणं, अशी परीक्षा घ्या. तीही दोरीवरच.

बरेच कुत्रे इथेच, नुसत्या बीपवर किंवा थरथरीवर राहायला शिकतात. तुमचा शिकला असेल तर झटका चालू करायचं कारण उरत नाही. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला झटक्याचा पट्टा घालूच नये. भित्र्या कुत्र्यालाही नाही, आणि चावण्याचा इतिहास असलेल्याला तर मुळीच नाही. पट्टा घातल्यापासून कुत्रा व्हरांड्यातून खाली उतरत नसेल, शेपूट आत घेऊन बसत असेल, तर प्रयोग तिथेच थांबवा.

गेटबाहेर फिरायला नेताना दरवेळी पट्टा आधी काढा आणि ठरलेल्या एकाच जागेवरून न्या किंवा गाडीत बसवून न्या. पट्टा काढला तरी "आज ही रेघ ओलांडायची, उद्या नाही" हे कुत्र्याला समजत नाही. जागा ठरलेली असेल तर समजतं.

रस्त्याला अगदी लागून हद्द आखू नका. शाळेची पोरं किंवा कुरिअरवाला जवळून जाताना दरवेळी झटका बसला तर कुत्रा झटक्याचा संबंध त्या माणसांशी लावतो आणि आधी शेपूट हलवणारा कुत्रा अंगावर जाऊ लागतो. तीन-चार मीटर आत या.

तुमच्या जागेला कोणतं

पाच गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट घ्या. त्याची बाजू साधारण साडेबावीस मीटर भरते. उघड्या आभाळाखाली मोबाइलच्या जीपीएसची अचूकता साधारण ५ मीटरची धरतात. झाडं, पत्र्याची शेड, शेजारची इमारत असेल तर ती आणखी बिघडते. चारही बाजूंनी ५ मीटर सोडले तर साडेबारा मीटरचा चौकोन उरतो. म्हणजे प्लॉटचा तिसऱ्या भागाहूनही कमी, आणि त्यातच घर. तिथे जीपीएसचा पट्टा कुत्र्याला रोज वेगळ्याच जागी वाजेल आणि काही चूक नसताना झटका खाणारा कुत्रा गोंधळून जाईल. एक-दोन एकरांपेक्षा मोठ्या, उघड्या शेतावर मात्र जीपीएस खरोखर उपयोगी आहे. तिथे तेवढी वायर पुरणं आणि सांभाळणं कठीण जातं. पट्ट्याची बॅटरी रोज चार्ज करावी लागेल हे धरून चाला, आणि कोकणात किंवा घाटात घेत असाल तर नेटवर्क गेल्यावर हद्द पट्ट्यातच जपलेली राहते की सगळं मोबाइलवर अवलंबून आहे, हे विचारूनच घ्या.

गोलाकार क्षेत्राचं यंत्र लावायला सगळ्यात सोपं, पण आपल्या जमिनी गोल नसतात. १५ मीटर रुंद आणि ६० मीटर लांब पट्टीत बसणारं सर्वांत मोठं वर्तुळ त्या जागेचा जेमतेम पाचवा भाग व्यापतं. बाकी जमीन कुत्र्याला बंद, नाहीतर वर्तुळ शेजाऱ्याच्या बांधावर. लोखंडी सळ्यांच्या भिंती, पत्रे आणि उताराची जमीन यांनी वर्तुळाचा काठ वेडावाकडा होतो. भाड्याच्या घरात थोडे महिने राहायचं असेल, आजूबाजू मोकळी आणि सपाट असेल, तर ठीक.

राहिली वायर. लहान आणि मध्यम प्लॉटला, वाकड्यातिकड्या हद्दीला, विहीर किंवा भाजीचा वाफा वगळायचा असेल तर तीच निवडावी. माझा कल त्याहीपुढे आहे: वायर एकटी पुरू नका, जाळीच्या कुंपणाच्या आतून पुरा. जाळी अडवते, आणि वायर कुत्र्याला जाळीखाली उकरण्यापासून किंवा वरून उडी मारण्यापासून दूर ठेवते. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या एका पाहणीत, इलेक्ट्रॉनिक कुंपणातल्या ४४ टक्के कुत्र्यांनी कधी ना कधी पळ काढलेला होता. प्रत्यक्ष कुंपण असलेल्या घरांत हे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होतं.

झटका वापरावा की नाही, यावर मत बनवताना हेही लक्षात असू द्या की वेल्समध्ये झटक्याच्या पट्ट्यांवर २०१०पासून बंदी आहे आणि प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१मध्ये अशा साधनांविरुद्ध भूमिका घेतली. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ प्राण्याला विनाकारण वेदना देण्याला लागू होतं. पट्टा नको म्हणून दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणं हाही त्याच कलमात बसणारा गुन्हा आहे.

बाहेरून आत येणारं

अदृश्य कुंपण भटक्या कुत्र्यांना दिसत नाही आणि बिबट्यालाही दिसत नाही. अकोले परिसरात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात, त्याच्या खाद्यात वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. जुन्नर, अकोले, संगमनेर, निफाड अशा उसाच्या पट्ट्यात घर असेल तर अंधार पडल्यावर कुत्रा अंगणात मोकळा राहता कामा नये, मग यंत्र कितीही महागाचं असो. उलट त्याला तिथे पट्टा घातलेला असेल तर पळून जीव वाचवायची वाटही आपणच अडवलेली असते. पाच-सहा भटकी कुत्री आत शिरली तरी हेच होतं. दिवे लागायच्या वेळी त्याला घरात किंवा वरून-खालून पक्क्या जाळीच्या खोलीत घ्यायचं, आणि तेव्हाच पट्टा काढायचा.

पट्टा एरवीही सलग बारा तासांपेक्षा जास्त गळ्यात नको. दिवसातून काही वेळा तो मानेवर थोडा सरकवा, नाहीतर टोकांच्या दाबाने जखमा होतात. दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, त्या लवकर चिघळतात. आठवड्यातून एकदा मान आणि पट्टा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करा आणि केस बाजूला सारून कातडी बघा, गोचीड आहेत का तेही त्याच वेळी दिसेल. लाल चट्टा किंवा ओल दिसली तर पट्टा बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा आणि कातडी पूर्ण भरून येईपर्यंत कुत्र्याला दोरीवरच बाहेर न्या.